गर्दीची रंगीत तालीम

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. टेबलावर चहाचे रिकामे कप, दोन लॅपटॉप आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक कोरा आलेख.

"ताई, सोडू?" लातूरकडचा एक तरुण इंजिनिअर विचारत होता.

"सोड. पण पहिली पाच मिनिटं हळू. एकदम नको."

त्यानं एंटर दाबलं. एका प्रवेश अर्जाच्या वेबसाइटवर विद्यार्थी यायला लागले. एकूण दहा हजार. त्यांतला एकही जन्माला आलेला नव्हता. टीमच्या प्रमुखांना इथे सगळे ताई म्हणतात; त्यांच्या टीमनं आठवडाभर खपून या विद्यार्थ्यांची फाइल तयार केली होती. कुणाचं आडनाव दोन अक्षरी, कुणाचं आठ अक्षरी, कुणाचे गुण दशांशात, कुणाच्या जातप्रमाणपत्राची पीडीएफ चांगली जाडजूड.

या अंकाचा विषय 'गर्दी' असल्याचं कळवताना संपादक म्हणाले होते, "वारी, लोकल, विसर्जन यांवर लिहिणारे भरपूर आहेत. तुम्ही डोळ्यांना न दिसणारी गर्दी शोधा." मी शोधत शोधत इथे पोचलो. एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाची साइट ही छोटी कंपनी बांधते आहे. महिन्याभरानं सकाळी अकरा वाजता अर्ज खुले होणार आहेत. त्याआधी खोटी गर्दी आणून साइट तपासायची, म्हणजे लोड टेस्टिंग करायचं. त्यासाठी कोणतं टूल घ्यायचं यावर या खोलीत तीन आठवडे वाद झाला. तो वाद मी जवळून ऐकला. संस्थेचं, कंपनीचं आणि माणसांचं नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती मी पाळतो आहे.

घड्याळाच्या काट्यावर येणारी माणसं

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो. राज्यात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं ही परीक्षा देतात आणि एक वाजून एक मिनिटानं त्यांतली बहुतेक घरं फोनवर एकच पान उघडत असतात. एसी डब्याचं तत्काळ आरक्षण सकाळी दहाला, बिगरएसीचं अकराला. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चारला १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन पोर्टलवर लसीची नोंदणी सुरू झाली, त्या पहिल्या दिवशी एक कोटीहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. ओटीपीची वाट पाहणारी ती दुपार अनेकांना आठवत असेल.

दुकानातली गर्दी वाढत वाढत येते. इथे आपणच वेळ जाहीर करून सगळ्यांना एका क्षणी दारात बोलावतो. शिवाय दारातली माणसं एकमेकांना दिसत नाहीत. बँकेत रांग पाहून माणूस म्हणतो, जेवून येऊ. फोनवर त्याला फक्त गोल फिरणारं चक्र दिसतं. मग तो पान पुन्हा उघडतो. त्याची आधीची मागणी सर्व्हरवर अजून चालूच असते, त्यात ही नवी पडते. एका माणसाची दोन माणसं होतात, मग चार.

गेल्या वर्षी आमच्या शेजारची मुलगी असाच एक अर्ज भरताना रडकुंडीला आली होती. शेवटच्या पानावर 'सबमिट' दाबलं की साइट हँग होई आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागे. चार वेळा भरलं तिनं. ही साइट कुणी तपासली होती का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात होता.

मोठा आकडा आणि खोटं समाधान

टीमनं सुरुवात हाताशी होतं त्यानंच केली. अपाची वेब सर्व्हरसोबत अपाचीबेंच नावाचं छोटं टूल फुकट येतं, सगळे त्याला 'एबी' म्हणतात. एका ओळीची कमांड. एकूण किती मागण्या, एका वेळी किती, आणि पत्ता. मिनिटाभरात उत्तर मिळतं: सेकंदाला इतक्या हजार मागण्या पूर्ण. पहिल्याच दिवशी साइटच्या मुखपृष्ठाचा आकडा भरघोस आला. प्रोजेक्ट मॅनेजरनं तो संस्थेला ईमेलनं कळवायला घेतला होता. ताईंनी थांबवलं.

का थांबवलं ते त्यांनी मला कागदावर समजावलं. एबी एकच पत्ता पुन्हा पुन्हा ठोठावतं. मुखपृष्ठ सगळ्यांना सारखंच दिसतं, त्यामुळे ते कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून जातं. डेटाबेसला हातही लागत नाही. खरा विद्यार्थी मात्र लॉगिन करतो, ओटीपी टाकतो, सात पानं भरतो, प्रमाणपत्र चढवतो. प्रत्येक पानासोबत सर्व्हर त्याला एक गुप्त टोकन देतो आणि पुढच्या पानावर ते परत मागतो. एबीला हे जमत नाही, ते त्यासाठी बनवलेलंच नाही. 'डब्ल्यूआरके' हे याच जातीचं, पण कितीतरी जास्त जोर लावू शकणारं टूल. एकाच पत्त्याची कमाल ताकद मोजायची असेल तर ही दोन्ही उत्तम. नवा सर्व्हर बसवला, सेटिंग बदललं, आधी आणि नंतर एकेकदा चालवून पाहिलं, यासाठी मीही एबीच सुचवेन. प्रवेशाच्या सकाळबद्दल त्यांना काही विचारू नये.

पाळणा आणि रांग

तीन आठवड्यांत मी जे शिकलो त्यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही गोष्ट.

जत्रेतला पाळणा डोळ्यांसमोर आणा. चाळीस जागा. कुणी उतरल्याशिवाय नवा माणूस बसू शकत नाही. पाळणा अडकला तर चाळीस जण वर लटकतील, पण एक्केचाळीसावा कुणाच्या हिशेबात येणार नाही. बरीच टूल मुळात अशी चालतात. शंभर खोटी माणसं घ्या, प्रत्येकानं मागणी करावी, उत्तर आलं की पुढची करावी. सर्व्हर मंदावला की ही माणसंही आपोआप मंदावतात. बिचारी समजूतदार असतात.

आता दर्शनाची रांग आठवा. गाभाऱ्यात काय चाललंय याचा मागून येणाऱ्याला पत्ता नसतो, तो येतच राहतो. आत मंदावलं म्हणून बाहेरची एसटी थांबत नाही. खरी वेबसाइट ही अशी रांग आहे. पहिल्या प्रकाराला या व्यवसायात 'क्लोज्ड' म्हणतात, दुसऱ्याला 'ओपन'. या दोन्हींचे निष्कर्ष किती वेगळे निघतात हे श्रोडर, वायरमन आणि हार्शोल-बाल्टर या तीन संशोधकांनी २००६ मध्ये एका निबंधात दाखवून दिलं. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी सावधगिरीचा इशारा दिला होता.

ताईंनी मला एक हिशेब घातला. समजा दर सेकंदाला एक माणूस येतो. पहिले शंभर सेकंद सर्व्हर चटकन उत्तर देतो, पुढचे शंभर सेकंद पूर्ण गोठतो, मग मोकळा होतो. पाळण्याच्या पद्धतीनं एकच खोटा माणूस फिरत असेल तर तो काय नोंदवेल? शंभर चटकन उत्तरं आणि शंभर सेकंदांचं एकच उत्तर. सरासरी आली एक सेकंद. अहवालात लिहिता येईल, नव्व्याण्णव टक्के लोकांना तत्काळ सेवा. प्रत्यक्षात त्या गोठलेल्या काळातही शंभर माणसं आली होती. कुणी शंभर सेकंद थांबलं, कुणी नव्व्याण्णव, कुणी पन्नास. दोनशे जणांतले निम्मे तिष्ठत होते आणि खरी सरासरी पंचवीस सेकंदांची होती. सर्व्हर तोच, घटना तीच, एकाच्या जागी पंचवीस. या चुकीला गिल टेने या इंजिनिअरनं 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलं, म्हणजे मोजणारा आणि मोजला जाणारा दोघांनी मिळून वाईट वेळ गाळून टाकणं. ती टाळण्यासाठी टेनेनं डब्ल्यूआरकेची सुधारित आवृत्ती स्वतः तयार केली.

हे ऐकल्यावर टूलच्या निवडीतला पहिला प्रश्न बदलतो. किती हजार माणसं आणता येतात हे नंतर. ठरलेल्या दरानं, सर्व्हरची पर्वा न करता, माणसं आणता येतात का, हे आधी विचारायचं.

ज्याच्या त्याच्या हाताचं

जेमीटर हे या टूलांतलं सर्वांत ओळखीचं नाव. स्टेफानो माझ्झोक्की या इटालियन प्रोग्रॅमरनं ते अपाची जेसर्व्ह तपासण्यासाठी लिहिलं. हा जेसर्व्ह म्हणजे आजच्या टॉमकॅटचा पूर्वज. ही १९९८ च्या सुमाराची गोष्ट. पुण्यात टेस्टिंगच्या कुठल्याही मुलाखतीला जा, जेमीटर येतं का हे विचारतातच. ब्राउझरमध्ये तुम्ही करता ते सगळं ते रेकॉर्ड करून घेतं, टोकन शोधून पुढच्या पानाला देतं, फाइलमधून दहा हजार नावं वाचतं. एका खोट्या माणसाला एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक स्वतंत्र धागा, लागतो, त्यामुळे ते जड आहे. त्याची खिडकी उघडी ठेवून मोठी चाचणी करू नका असं ते स्वतःच सुरुवातीला बजावतं. खिडकी फक्त आखणीसाठी, चाचणी कमांड लाइनवरून. आमच्या खोलीतल्या एका नव्या मुलानं हे वाचलं नव्हतं. प्रत्येक उत्तर झाडासारखं पसरून दाखवणारा भाग त्यानं चालू ठेवला आणि दहाव्या मिनिटाला लॅपटॉपची मेमरी संपली. मूळचं जेमीटर पाळण्याच्याच पद्धतीचं. २०२२ मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीत मात्र रांगेची, ओपन पद्धतीची सोय आली. अनेकांना ती अजून माहीत नाही.

गॅटलिंग मोजक्या थ्रेडवर हजारो माणसं पेलतं. आधी त्याची स्क्रिप्ट स्काला भाषेत लिहावी लागे, आता जावातही चालते. त्याचे अहवाल मला सर्वांत वाचनीय वाटले आणि 'सेकंदाला इतके नवे' हे त्यात एका शब्दात सांगता येतं. लोकस्ट म्हणजे टोळ, टोळधाडीवरूनच हे नाव आलं. पायथन येणाऱ्याला ते घरच्यासारखं वाटतं, पण एक प्रोसेस एकच कोअर वापरते, म्हणून जितके कोअर तितक्या प्रोसेस चालवाव्या लागतात. केसिक्स स्वीडनमधल्या एका कंपनीनं बनवलं, २०१७ मध्ये खुलं केलं आणि २०२१ मध्ये ग्राफानानं ती कंपनी घेतली. त्याचं इंजिन गो भाषेतलं, स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये. ठरलेल्या दरानं माणसं सोडणं त्यात सोपं आहे आणि मर्यादा ओलांडली तर चाचणी नापास करून कोड पुढे जाण्यापासून अडवता येतो.

मोठ्या बँकांच्या कामात अजून लोडरनर भेटतं. मर्क्युरी, मग एचपी, मग मायक्रो फोकस आणि आता ओपनटेक्स्ट, असा त्याचा प्रवास झाला. वेबपलीकडच्या जुन्या प्रणालीही त्याला कळतात. लायसन्स खोट्या माणसांच्या संख्येनुसार असतं. त्यामुळे बजेट आखडलं की पहिली काटछाट गर्दीवरच येते, आणि लहान कंपनीनं त्यापासून दूर राहावं असं माझं स्पष्ट मत झालं.

मोजणाऱ्याची तब्येत

चाचणीच्या चौथ्या रात्री आलेख विचित्र आला. सेकंदाला ठराविक संख्येच्या पुढे काही केल्या जाईना आणि सर्व्हर तर निवांत होता, सीपीयू वीस टक्केसुद्धा नाही. मुलं सर्व्हरची सेटिंग चाळत बसली. ताईंनी लॅपटॉपवर हात ठेवला. तो तापला होता, पंखा घरघरत होता. थकलं होतं ते मोजणारं यंत्र.

अशा अडचणी बहुतेकांना येतात. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी सहसा १,०२४ फाइली उघडता येतात आणि प्रत्येक जोडणी म्हणजे एक फाइल. ही मर्यादा वाढवली नाही तर त्यापुढचा खोटा माणूस जन्मतच नाही. एका यंत्राकडून एका पत्त्यावर जाण्यासाठी लिनक्स साधारण अठ्ठावीस हजार पोर्ट देतो आणि वापरून झालेला पोर्ट मिनिटभर अडकून राहतो. शिवाय सगळी गर्दी एकाच पत्त्यावरून आली की फायरवॉल तिला हल्ला समजून दार लावतो.

चाचणी त्याच खोलीतून, त्याच वेगवान नेटवर्कवरून केली तर आणखी एक खोट शिरते. खेड्यातून प्रमाणपत्र चढवणाऱ्या फोनला तेच काम दहा सेकंद लागतं आणि तेवढा वेळ सर्व्हरचा एक थ्रेड त्या फोनसाठी अडकतो. जेमीटरमध्ये वेग मुद्दाम कमी करण्याची सोय आहे, ती या टीमनं निम्म्या विद्यार्थ्यांना लावली.

एक इशारा इथेच देतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर विनापरवानगी असा भार टाकणं २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं. होस्टिंग कंपनीलाही आधी कळवलेलं बरं.

वॉचमनची मुलगी

खोट्या विद्यार्थ्यानं दोन पानांच्या मध्ये किती थांबायचं? मुलांनी दोन सेकंद धरले होते. ताईंनी इमारतीच्या वॉचमनच्या मुलीला बोलावलं. ती अकरावीत आहे. तिच्या फोनवर तो अर्ज उघडून दिला आणि शेजारी बसून वेळ लावली. आधार क्रमांकासाठी ती खाली आईकडे जाऊन आली, फोटो दोनदा काढला, एका शब्दाचा अर्थ विचारला. अकरा मिनिटं लागली.

या अकरा मिनिटांनी सगळं गणित हललं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. आत किती माणसं आहेत, तर दर सेकंदाला येणारी गुणिले एकाला लागणारा वेळ. मागच्या वर्षीच्या लॉगमधलं सर्वांत गजबजलेलं मिनिट काढून त्यांनी सेकंदाला बारा विद्यार्थी हा दर ठरवला होता. बारा गुणिले ६६० सेकंद, म्हणजे एका वेळी जवळजवळ आठ हजार जण अर्ध्या भरलेल्या अर्जानिशी सर्व्हरच्या मेमरीत बसलेले. दोन सेकंदांच्या हिशेबात ही माणसं दिसलीच नव्हती.

दोन सेकंदांचा एसएमएस

तरीही पहिल्या चाचण्या पास होत होत्या. मग एका संध्याकाळी ताईंनी विचारलं, "एसएमएसचं काय?"

अर्ज जमा झाला की विद्यार्थ्याला एसएमएस जातो. दहा हजार खोट्या मुलांना खरे एसएमएस पाठवणं शक्य नसतं, म्हणून तिथे एक नकली सेवा बसवली होती. ती क्षणात 'पाठवला' म्हणे. खऱ्या गेटवेला गर्दीच्या वेळी दोन सेकंद लागतात. लातूरच्या मुलानं नकली सेवेत दोन सेकंदांची झोप घातली आणि चाचणी पुन्हा सोडली. मी सुरुवातीला सांगितलेली रात्र ती हीच.

पाच मिनिटं सगळं ठीक. दर वाढून बारावर गेला, आणि तितकेच अर्ज जमाही होऊ लागल्यावर अर्ध्या मिनिटात आलेखाची रेघ भिंत चढावी तशी सरळ वर गेली. वर जाऊन ती एका उंचीवर सपाट झाली, बरोबर तीस सेकंदांवर. "तीस," ताई हळूच म्हणाल्या. "तीस म्हणजे पूल."

डेटाबेसशी बोलायला सर्व्हर काही जोडण्या तयार ठेवतो, त्यांचा हा पूल. या टीमच्या हिकारीसीपी या पुलात मुळात दहा जोडण्या असतात आणि जोडणी मिळाली नाही तर मागणी तीस सेकंद थांबून हार मानते. कोड उघडून पाहिला. अर्ज डेटाबेसमध्ये लिहायचा, मग एसएमएस पाठवायचा, आणि मग जोडणी सोडायची. म्हणजे एसएमएसचे ते दोन सेकंद प्रत्येक जण डेटाबेसची जोडणी अडवून उभा. दहा जोडण्या भागिले दोन सेकंद, सेकंदाला पाच अर्ज. येणारे बारा. सात जण दर सेकंदाला मागे तुंबणार. साइट ज्यावर चालते त्या टॉमकॅट सर्व्हरमध्ये मुळात दोनशे थ्रेड असतात, ते तीसएक सेकंदांत भरले. त्यानंतर ज्याला फक्त शेवटची तारीख बघायची आहे त्याच्यासमोरही चक्र फिरत राहिलं. सीपीयू या सगळ्या वेळात जवळजवळ रिकामा होता. नवा, महाग सर्व्हर घेऊन काडीचा उपयोग झाला नसता.

"जोडण्या शंभर करू या?" एकानं सुचवलं.

"पोस्टग्रेस डेटाबेसची सगळी मिळून मूळ मर्यादाच शंभर आहे. आणि गेटवेला पाच सेकंद लागले तर? माणूस अडवून धरायचाच कशाला? आधी जोडणी सोड, मग एसएमएस."

रात्री एक वाजेपर्यंत कोड बदलला. अर्ज लिहिला, जोडणी सोडली, एसएमएस वेगळ्या रांगेत टाकला. पुन्हा चाचणी. रेघ जमिनीलगत चालत राहिली. त्या मुलानं खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. मला शेजारची ती चार वेळा अर्ज भरणारी मुलगी आठवली. तिच्यासमोर नेमकं काय अडकलं होतं हे मला कधी कळणार नाही, पण असंच काहीतरी असणार, कुणीतरी एका रात्रीत सोडवू शकलं असतं असं.

जाणाऱ्यांचाही भार

ताईंनी त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली, ती या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. १० जुलै २०१९, मँचेस्टर, विश्वचषकाचा उपांत्य सामना. हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि लोकांनी एकदम 'मागे' जाण्याचं बटण दाबलं. सगळे व्हिडिओ सोडून मुखपृष्ठावर आले आणि मुखपृष्ठाचा भार व्हिडिओपेक्षा वेगळ्याच सर्व्हरवर पडतो. तिथल्या इंजिनिअरांनी 'प्रोजेक्ट हल्क' नावाखाली अशा लाटांचीही आधी तालीम केली होती, म्हणून ते टिकले. प्रवेशाच्या साइटवर हाच क्षण अर्ज जमा झाल्यावर येतो. सगळे पावतीची पीडीएफ मागतात. या टीमनं तो टप्पा चाचणीत नंतर घातला.

शेवटी निवडलं काय? मोठ्या तालमीसाठी जेमीटर, ओपन पद्धतीनं, तीन भाड्याच्या यंत्रांवरून. कारण पुढच्या वर्षी ताई नसल्या तरी ती फाइल वाचणारं कुणीतरी टीममध्ये असेल. आणि कोड बदलला की रोज रात्री छोटी चाचणी केसिक्सवर, कारण ती आपोआप चालते आणि नापास झाली तर अडवते. गॅटलिंग मला वैयक्तिकरीत्या जास्त आवडलं होतं. पण ते चालवणार कोण, या ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा निर्णय बरोबर आहे.

शाळा, संस्था, नगरपालिका, देवस्थान, पतपेढी, जिथे कुठे तुम्ही विश्वस्त किंवा सभासद असाल आणि वेबसाइट बांधून घेत असाल, तिथे करारात चार प्रश्न लिहून घ्या. सेकंदाला किती माणसं येतील असं धरून चाचणी केली? माणसं रांगेसारखी येत होती की पाळण्यासारखी? शंभरातला नव्व्याण्णवावा माणूस किती सेकंद थांबला? एसएमएस आणि पेमेंटच्या नकली सेवा किती सेकंद घेत होत्या? उत्तरं लेखी मागा, आणि अर्ज खुले होण्याच्या किमान महिनाभर आधी मागा.